धोंड्याचा महिना, कूलरची तहान

२०१८ साली अधिक महिना ज्येष्ठात आला. १६ मे ते १३ जून. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट भरायला सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरावा लागतो, हे सगळं लेखकमहाशयांना मान्य होतं. पण तो जादा महिना नेमका मराठवाड्याच्या उन्हाळ्यावर आणून ठेवण्यात त्यांना ग्रहताऱ्यांचा वैयक्तिक आकस दिसला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला आमंत्रण, आणि लेखकमहाशयांची सासुरवाडी छत्रपती संभाजीनगरात. तेव्हा तिकिटावर ‘औरंगाबाद’ छापलेलं असे. नाव २०२३ साली बदललं, उन्हाने मात्र कुठलीही अधिसूचना मानलेली नाही.

लेखकमहाशय डोंबिवलीचे. सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळून ज्याने जन्म काढला त्याला उकाडा शिकवू नये, असं त्यांचं मत. वजन पंचावन्न किलो, तेही भिजल्यावर. डोक्यावरचं छप्पर चाळिशीतच उडालेलं, त्यामुळे ऊन त्यांच्याकडे मध्यस्थाशिवाय येतं. निघण्यापूर्वी सोसायटीतल्या तमाम अनुभवी मंडळींनी एकच वाक्य ऐकवलं: “तिकडची हवा कोरडी हो, कोरड्या हवेत त्रास नसतो!” हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी एकही जण मे महिन्यात मनमाडच्या पलीकडे गेलेला नव्हता. लेखकमहाशयांनी तरीही सावधगिरी म्हणून तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक खिशातलं यंत्र विकत घेतलं. त्यांना आकड्यांची भारी आवड. आकडा कळला की दुःख निम्मं होतं, अशी त्यांची समजूत होती.

कल्याणला सकाळी तपोवन एक्सप्रेस पकडली. इगतपुरीपर्यंत गाडीने फसवलं. खिडकीतून गार वारा, हातात वडा. मनमाडनंतर लोकांनी एकेक करून खिडक्या लावायला सुरुवात केली तेव्हा लेखकमहाशय मनात हसले. रोटेगाव येईपर्यंत त्यांनीही लावली. लासूरला पंख्याकडे तोंड करून बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांच्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं, धोतराच्या सोग्यातून एक कांदा काढला आणि काही न बोलता त्यांच्या हातात ठेवला. ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, ही या मुलखातली पद्धत. लेखकमहाशयांनी विज्ञाननिष्ठ चेहऱ्याने तो परत करू पाहिला. म्हातारा म्हणाला, “राहू द्या. यंत्र हाय ते एका खिशात, कांदा एका खिशात.”

गाडी वेळेवर पोचली, म्हणजे भर दुपारी. फलाटावर पाय ठेवताच लेखकमहाशयांनी यंत्र बाहेर काढलं. तापमान ४२. आर्द्रतेच्या खान्यात नुसत्या दोन आडव्या रेघा. यंत्राने हात टेकले होते. त्यांनी कपाळ पुसलं तर घाम नव्हता. ते हरखले. सोसायटी बरोबर होती तर! घाम येत होता, पण बाहेर पडायच्या आत उडत होता, हे त्यांना घरी शर्ट काढल्यावर पाठीवरचा पांढरा मिठाचा नकाशा पाहून कळलं. ओठ संध्याकाळपर्यंत फुटले. धुतलेला बनियन दोरीवर टाकून दुसरा चिमटा शोधेपर्यंत वाळला. डोंबिवलीत पावसाळ्यात बनियन वाळायला चार दिवस आणि देवाची कृपा लागते. इथे तो वाळलेला पाहून लेखकमहाशयांना असूया वाटली, आणि मग स्वतःच्या कातडीचंही तेच चाललंय हे ध्यानात येऊन धसकाही.

हे शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेलं. समुद्राचा वारा इथपर्यंत येतो तो सह्याद्रीला सगळी ओल देऊन, मोकळ्या हाताने. २५ मे १९०५ ला इथे पारा ४६ अंशांवर गेल्याची नोंद आहे. मेहुण्याने हे अभिमानाने सांगितलं. मेहुणा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. “बेचाळीस म्हणजे काही नाही, दाजी. चिकलठाणा वेधशाळेनं बेचाळीस दिलं की आम्ही स्वेटर शोधतो.”

लेखकमहाशयांना पुढच्या खोलीत, कूलरच्या थेट तोंडासमोर झोपवण्यात आलं. ही जागा घरातली सर्वोच्च. तिथे एरवी कोण झोपतं हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मुंबईकराला कूलर कळत नाही, कारण मुंबईत तो चालत नाही. दमट हवेत कूलर लावला तर खोलीत नुसता अंधेरीचा जुलै तयार होतो. इथे मात्र तो पराक्रमी. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली टाकी, एक चिमुकला पंप ते पाणी गवतावर सोडतो आणि पंखा बाहेरची भाजकी हवा त्यातून ओढतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता गिळतं, आणि ती उष्णता त्या हवेतूनच येते. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात. थोडक्यात, पैसे विजेचे थोडे आणि पाण्याचे फार. रात्रभरात हा लोखंडी पाहुणा एक टाकी रिचवतो आणि पहाटे घरघरून दुसरी मागतो.

आणि पाणी? या शहराला पाणी येतं ते पन्नास किलोमीटरांवरच्या पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून उपसून. येतं म्हणजे रोज येत नाही. कधी तीन दिवसांनी, कधी पाचांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. मधल्या काळाला गावात ‘गॅप’ म्हणतात. लग्न ठरवताना इथे मुहूर्ताबरोबर गॅपही बघतात. पुढे १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिची किंमत २,७४० कोटींवर गेली. आकड्यांना पूर यायला पाणी लागत नाही. पण ही २०१८ ची गोष्ट आहे. तेव्हा शहर फेब्रुवारीपासून कचऱ्याच्या भानगडीतही अडकलं होतं, नारेगावच्या लोकांनी डेपोचा रस्ता अडवलेला. लेखकमहाशयांच्या सासुरवाडीत मात्र चर्चा एकच: पाण्याचा दिवस गुरुवार, धोंड्याचं जेवण शुक्रवार.

धोंड्याच्या जेवणात जावई विष्णुस्वरूप धरतात. त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं, परातीत पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. यातलं कुठलंच कृत्य बेचाळीस अंशांत करण्यासारखं नाही, आणि पहिली दोन पाण्यावाचून होत नाहीत. सासूबाईंनी त्यासाठी तांब्याचा एक हंडा भरून, वर ताट झाकून, देवघराशेजारी ठेवला होता. त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. लेखकमहाशयांनी एकदा तहानेने ताट उचललं तेव्हा सातवीतला भाचा ओरडला, “काका, तो तुमचा पाय धुवायचा हाय!”

गुरुवार उजाडला. सकाळी नऊची वेळ होती. नऊला पाणी आलं नाही. अकराला लाइनमन सायकलवरून जाताना दिसला, गल्लीने त्याला अडवलं, त्याने “संध्याकाळी” म्हणून सांगितलं. या शहरात लाइनमनचं स्थान वेगळंच. रस्त्याच्या कडेच्या चेंबरमध्ये हाताने फिरवायची त्याची ती लांब चावी, आणि तिच्या फेऱ्यांवर अख्ख्या कॉलनीची आंघोळ. संध्याकाळी आलं नाही. रात्री नऊला कुणीतरी शेजारच्या भागात सुटल्याची बातमी आणली. ती अफवा निघाली. अकराला मेहुण्याने गच्चीवरच्या टाकीत बांबू घालून पाणी मोजलं, पायथागोरस लावला आणि जाहीर केलं, “सकाळपर्यंत पुरेल. कूलर बंद केला तर.”

“कूलर बंद करायचा नाही,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापूंना सवय नाही.”

विषय संपला. मेहुण्याने मुकाट्याने कुठूनशी एक बादली आणून कूलरच्या पोटात ओतली.

रात्री पावणेदोनला गल्लीत कुकरच्या शिट्टीसारखा एक आवाज उठला. रिकाम्या नळातून हवा निघत होती. दहा सेकंदांत सगळ्या घरांचे दिवे लागले. लुंग्या, गाऊन, बनियन, बादल्या, पाईप. बायका पायऱ्यांवर, पोरं फाटकावर. सासुरवाडीचा नळ फाटकाजवळ अडीच फूट खोल खड्ड्यात. दाब इतका कमी की पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढतच नाही, म्हणून लोकांनी नळालाच खाली नेलं आहे. खड्ड्यात एक छोटं टिपाड, टिपाडात मोटारीचा पाईप, मोटार पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. मेहुण्याने बटण दाबलं. मोटार घुमली. सासूबाईंनी हात जोडले.

आणि वीज गेली.

गल्लीतून एक सामुदायिक उद्गार निघाला. तो इथे छापता येणार नाही. अंधारात प्रत्येकाच्या फाटकाशी, प्रत्येकाच्या खड्ड्यात पाणी गळत असल्याचा आवाज मात्र येत राहिला. टिपाड भरून वाहू लागलं. पाच दिवसांचं पाणी मातीत चाललंय हे कळताच मेहुणा खड्ड्यात उतरायला वाकला आणि तिथेच अडकला. शाळेत खुर्चीवर बसून त्याचा व्यास खड्ड्याच्या व्यासाला मागे टाकून गेला होता. भाचा उतरला तर त्याला भरलेली बादली उचलेना. मग सगळ्यांच्या नजरा लेखकमहाशयांवर खिळल्या. ही पंचावन्न किलोंची देहयष्टी आयुष्यात प्रथमच कुणाच्या उपयोगी पडणार होती.

“दाजी, तुम्ही कामून? बसा ना तुम्ही,” मेहुणा म्हणाला, पण सरकून जागाही करून दिली.

लेखकमहाशय पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि बनियन अशा वेशात खड्ड्यात उतरले. गुडघाभर गार पाणी. एवढं सुख त्यांना या शहरात अजून मिळालं नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांना बरीच मेहनत करावी लागली. तांब्याने बादली भरायची, बादली वर द्यायची, मेहुणा ती भाच्याला, भाचा आईला, आणि सौभाग्यवती जिन्यावरून गच्चीवर. मोबाइलच्या टॉर्चचा झोत नेमका त्यांच्या टकलावर पडे आणि तिथून परावर्तित होऊन सगळ्या खड्ड्याला पुरे.

सासूबाईंना हे दृश्य सोसेना. “जावईबापू, वर या हो! अधिकात जावयाला खड्ड्यात उतरवलं, लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील ते लगेच कळलं. समोरच्या फाटकातून आवाज आला, “काकू, तुमचे जावई मोकळे झाले की इकडं द्या!”

बादल्यांची मोजदाद भाचा करत होता. मध्येच त्याने वाकून, आजीला ऐकू जाणार नाही असं सांगितलं, “काका, आता आजी आंघोळ करीन. तुम्ही आल्यापासनं नुसतं अंग पुसती. तिची बादली कूलरला जाती.”

लेखकमहाशयांचा तांब्या हातातच राहिला. वर पाहिलं तर सासूबाई पदर खोचून, पंचाहत्तरी ओलांडलेल्या हातांनी, टिपाडातून सांडलेलं पाणी तिथल्या गुलबक्षीच्या मुळाशी वळवत होत्या. त्यांच्या हातावर सुकलेल्या कणकेची एक रेघ होती, तीही धुवायची राहिलेली. आर्द्रतामापक यंत्र घरात उशाखाली होतं, आणि असतंही खिशात तरी त्या क्षणी त्याचा उपयोग नव्हता. लेखकमहाशय पुन्हा वाकले आणि इतक्या वेगाने तांब्या मारू लागले की मेहुणा म्हणाला, “दाजी, दमानं, निम्मं माझ्या अंगावर येतंय.”

तीन वाजायच्या सुमारास पाणी बारीक झालं, मग थांबलं. पाठोपाठ वीज आली. आठवड्यातल्या दोन्ही देवता एकमेकींचं तोंड बघत नाहीत, असं गल्लीत मानतात. टाकी पाऊणही भरली नव्हती. लाइनमनने चावी काढताना वचन दिलं की वीज नव्हती म्हणून उरलेलं पाणी शनिवारी देतो.

शुक्रवारी विष्णूला तेल लावून न्हाऊ घातलं गेलं, हंड्यातल्याच पाण्याने. धोंडे, तूप, कटाची आमटी, भजी. बाहेर ४३. पहिला धोंडा भक्तीने, दुसरा आग्रहाने, तिसरा सासूबाईंकडे बघून. त्या रात्री लेखकमहाशयांनी कूलरने सर्दी होते असं जाहीर केलं आणि गादी उचलून गच्चीवर गेले. मराठवाड्याच्या गच्चीवर मेमध्येही मध्यरात्रीनंतर अंग सुखावतं. जमिनीवर ढगांचं पांघरूण नसल्याने दिवसभरची धग वर निघून जाते. सासूबाई मात्र दुखावल्या. “मुंबईचे लोक नाजूकच,” त्या मुलीला म्हणाल्या. कूलर पुन्हा त्यांच्या खाटेकडे वळवला गेला, त्याला कारण सर्दीचं.

प्रेक्षणीय स्थळं झाली. बीबी का मकबऱ्याचा संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला, बाकी सगळा चुन्याचा गिलावा. पण दुपारी बाराला दोन्ही सारखेच डोळ्यांत घुसतात. दौलताबाद गाडीतूनच पाहिलं. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे हलवली. मेमध्ये हलवली असती तर लोक आपणहून परत गेले असते. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदत आणणाऱ्या राष्ट्रकूटांच्या कारागिरांना, कळसापासून सुरुवात केल्याबद्दल, लेखकमहाशयांनी मनोमन दंडवत घातला: एकदा खोल उतरलं की सावली आपोआप मिळत जाते.

पाणचक्कीत मात्र ते दोन तास बसले. रिक्षावाल्याने सोडताना विचारलं होतं, “कायकू धूप में घूमरे साब? जाव, अंदर बैठो, ठंडा है.” खरंच थंड. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की चालू झाली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कोसांवरून आणलं, बांधलेल्या खांबात दाबाने वर चढवलं आणि वरून पात्यांवर सोडलं. त्यावर जातं फिरायचं, यात्रेकरूंसाठी पीठ निघायचं. वीज नाही, मोटार नाही, लाइनमन नाही. चक्कीसमोर लांबरुंद हौद आहे आणि गंमत त्या हौदाच्या खाली: हौदाचा तळ हे खालच्या दालनाचं छत. जाड खांबांवर तोललेलं पाणी डोक्यावर घेऊन माणसं खाली गारव्याला बसत. लेखकमहाशयांनी यंत्र काढलं, बाहेर आणि आत, आकड्यांतला फरक पाहिला आणि मेहुण्याकडे असं बघितलं जणू हे त्याने बांधलं होतं.

त्याहून आधी, १६१० साली, मलिक अंबरने खडकी नावाने हे शहर वसवलं. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला जात जात आलेला, निजामशाहीचा कर्ता झालेला हा माणूस. त्याने पहिल्याच दशकात जमिनीखालून नहर आणली, डोंगरातलं पाणी उताराने गावात खेळवलं. चारशे वर्षांनी त्याच गावात मोटार बंद पडली म्हणून जावई खड्ड्यात उतरतो, यावर लेखकमहाशय जरा वेळ खरोखर चिडले. कुणावर चिडायचं ते ठरेना. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला दारूच्या कारखान्यांचं पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला, तेव्हाही हे कुणाला ठरवता आलं नव्हतं. ते गप्प बसून हौदातले मासे बघत राहिले.

शनिवारी त्यांनी हट्ट धरला: “आम्ही किनाऱ्याकडची माणसं. मला पाणी दाखव. भरपूर.” मेहुण्याने गाडी काढली आणि पैठणचा रस्ता धरला. सातवाहनांची राजधानी, संत एकनाथांचं गाव, पैठणीचं माहेर. तिन्ही गोष्टी ताशी सत्तरच्या वेगाने मागे पडल्या. जायकवाडीचा मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या. पूर्ण भरलं तर १०२ टीएमसीच्या घरात पाणी. बांधाच्या कडेने ते पुढे गेले, पाणी दिसेपर्यंत बरंच चालावं लागलं. मागे सरकलेल्या पाण्याने सोडलेल्या गाळात लोकांनी पिकं घेतली होती. मग क्षितिजापर्यंत ते निळं पसरलेलं. एक बगळा चिखलात उभा, तोही सावली शोधत असल्यासारखा.

मेहुण्याने तिथेच बोटाने हवेत गणित मांडलं. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटरचा थर उडाला तर दहा लाख लिटर गेले. मेमध्ये एका दिवसात कितीतरी मिलिमीटर उडतं, आणि पसारा शेकडो चौरस किलोमीटरचा. “शहराला रोज देतात त्याच्या कितीतरी पट सूर्य पितो, दाजी. बिल न भरता.”

“म्हणजे हा सगळा एक कूलरच,” लेखकमहाशय म्हणाले. “खोली नसलेला.”

ते पायजमा वर करून पाण्याकडे निघाले. खिशातलं यंत्र काढून धरलं. किनाऱ्यावर आर्द्रतेच्या खान्यात अखेर आकडा उमटला होता. तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. पलीकडून सौभाग्यवती इतक्या मोठ्याने बोलत होत्या की बगळा उडाला. लाइनमनने शब्द पाळला होता. नळ सुटला होता, वीज होती, पण मोटार हवा ओढत होती आणि खड्ड्यात उतरायला घरात कुणी मावत नव्हतं.

लेखकमहाशयांचा एक पाय नाथसागरात टेकायला चार बोटं उरली होती.

“दाजी, पळा!” मेहुणा गाडीकडे धावत ओरडला. “धरण कुठं जातंय? नळ जाईल!”